मायएसक्यूएलमध्ये इमोजी साठवण्यासाठी यूटीएफ८एमबी४ कसे बसवावे

यवतमाळ जिल्ह्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचे संगणकाचे काम मी पाहतो. शेतकरी मोबाईलवरून पिकाची अडचण लिहून पाठवतात, ती मायएसक्यूएलच्या डेटाबेसमध्ये नोंदली जाते आणि कार्यालयातील कृषी पदवीधर ती वाचून सल्ला देतात. एका खरिपात काही नोंदी विचित्र दिसू लागल्या. शेतकऱ्याचे नाव, गाव, गट क्रमांक सगळे जागेवर होते, पण तक्रारीचा रकाना कोरा होता. त्यांपैकी एका काकांचा फोन आला, ‘भाऊ, मी त लिहून धाडलं होतं, पऱ्हाटीवर अळी दिसून राह्यली म्हणून. तुमचं काही उत्तरच नाही.’ काका कार्यालयात आले तेव्हा त्यांच्या मोबाईलमधील मूळ संदेश पाहिला आणि उलगडा झाला. संदेशाची सुरुवातच जोडलेल्या हातांच्या इमोजीने झाली होती. डेटाबेसला ते चिन्ह ठेवता आले नाही, म्हणून त्याने ते आणि त्यापुढचा सगळा मजकूर टाकून दिला. ज्यांनी शेवटी हात जोडले होते, त्यांची तक्रार शाबूत राहिली होती आणि केवळ नमस्कार गळाला होता. थोडक्यात, आमच्या यंत्रणेत आधी नमस्कार करणाऱ्याचेच गाऱ्हाणे बुडत होते.

हा दोष कसा ओळखावा आणि कसा दुरुस्त करावा, ते पुढे दिले आहे. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या असल्या तरी संगणकावर त्या रोमन अक्षरांतच टंकायच्या आहेत. अधोरेषा, समान चिन्ह, अवतरण आणि अर्धविराम मात्र जसेच्या तसे ठेवावेत.

तीन बाइटांचे घर

युनिकोड म्हणजे जगातील लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणारे प्रमाण, आणि ते वर्ण बाइटांत लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केली. तिच्यात एका वर्णाला एक ते चार बाइट लागतात. इंग्रजी अक्षराला एक, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला तीन आणि बहुतेक इमोजींना चार. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ८’ या नावाचा जो कॅरेक्टर सेट (वर्ण साठवण्याची पद्धत) पुष्कळ वर्षे वापरात होता, त्यात एका वर्णासाठी जास्तीत जास्त तीनच बाइटांची सोय आहे. म्हणजे नाव पूर्ण यूटीएफ-८ चे आणि काम अर्धवट. चार बाइट घेणारा खरा कॅरेक्टर सेट २०१० साली ५.५.३ या आवृत्तीत ‘यूटीएफ८एमबी४’ या नावाने आला. जुन्याचे खरे नाव आता ‘यूटीएफ८एमबी३’ असे आहे, तरीही ८.० आवृत्तीत नुसते ‘यूटीएफ८’ लिहिले की तीन बाइटांचेच घर मिळते. म्हणून प्रत्येक ठिकाणी पूर्ण नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी.

मराठी माणसाला हा दोष उशिरा कळतो, याचे कारणही यातच आहे. आपली सगळी अक्षरे तीन बाइटांत मावतात आणि रुपयाचे चिन्हही मावते, त्यामुळे वर्षानुवर्षे सातबाऱ्यावरची नावे, बियाण्यांचे वाण, हप्त्यांच्या रकमा बिनबोभाट साठत राहतात आणि डेटाबेस ‘युनिकोड’ आहे याची खात्री पटलेली असते. त्यातच लाल बदाम आणि सूर्य ही दोन चिन्हे युनिकोडच्या जुन्या, खालच्या भागातील असल्यामुळे तीही तीन बाइटांतच बसतात. ज्याने बदाम पाठवून चाचणी घेतली, तो ‘आमच्याकडे इमोजी चालतात’ असे छातीठोकपणे सांगतो. चाचणी नेहमी जोडलेल्या हातांनी, हसऱ्या चेहऱ्याने किंवा संत्र्याने घ्यावी.

इमोजी म्हणजे पोरखेळ, त्यासाठी चालता डेटाबेस कशाला हलवायचा, असा प्रश्न आमच्या संचालकांनी विचारला होता. त्यांना दिलेले उत्तर येथेही द्यावेसे वाटते. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडमध्ये आली आणि तिच्या प्रत्येक अक्षराला चार बाइट लागतात. गोंडीसाठीच्या मसराम गोंडी व गुंजाळा गोंडी या लिप्या अनुक्रमे २०१७ आणि २०१८ मध्ये आल्या, त्यांचेही तसेच. ज्या जिल्ह्यांत गोंडी बोलणारी गावे आहेत, तेथे उद्या कोणी आपले नाव आपल्या लिपीत लिहिले, तर तीन बाइटांचा डेटाबेस ते नावही असेच गिळेल.

आधी पाहणी

डेटाबेसमध्ये शिरून पुढील दोन आज्ञा द्याव्यात. उदाहरणातील डेटाबेसचे नाव ‘शेतसल्ला’ आणि टेबलाचे ‘तक्रारी’ आहे. मायएसक्यूएल टेबलाला देवनागरी नाव खुशाल घेऊ देते, इमोजीचे मात्र घेऊ देत नाही.

शो व्हेरिएबल्स लाइक 'कॅरेक्टर_सेट_%';
शो क्रिएट टेबल तक्रारी;

पहिल्या आज्ञेतून सर्व्हर, डेटाबेस आणि जोडणी यांचे कॅरेक्टर सेट दिसतात, तर दुसरीतून टेबलाचा आणि एखाद्या रकान्याला वेगळा दिला असेल तर त्याचाही दिसतो. टेबलाच्या शेवटच्या ओळीवर विसंबू नये. टेबल नव्या सेटचे आणि आतला एखादा रकाना जुन्याच सेटचा, अशी स्थिती अर्धवट दुरुस्त्या झालेल्या डेटाबेसमध्ये नेहमीच आढळते.

याच वेळी सर्व्हरची ‘एसक्यूएल_मोड’ ही मांडणी पाहावी. ५.७ पासून कडक (‘स्ट्रिक्ट’) पद्धत मूळचीच चालू असते आणि तिच्यात चार बाइटांचे चिन्ह आले की १३६६ क्रमांकाची ‘इनकरेक्ट स्ट्रिंग व्हॅल्यू’ ही चूक मिळते. नोंद होत नाही, पण निदान कळते तरी. आमच्या सर्व्हरवर कोणीतरी पूर्वी एका जुन्या बिलिंग प्रोग्रामसाठी ही कडक पद्धत बंद करून ठेवली होती. तशा स्थितीत केवळ एक इशारा नोंदला जातो, जो कोणी वाचत नाही, आणि मजकूर एकतर चिन्हापाशी कापला जातो किंवा चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह बसते. कडक पद्धत पुन्हा चालू करणे हा या दुरुस्तीचाच भाग समजावा.

आणखी एक गोष्ट याच टप्प्यावर तपासावी, कारण पुढे गेल्यावर ती फार महागात पडते. ८.० पूर्वीच्या मायएसक्यूएलचा मूळ कॅरेक्टर सेट ‘लॅटिन१’ होता आणि त्याचे कोलेशन (मजकुरांच्या तुलनेचा नियम) स्वीडिश होते, कारण कंपनी मूळची स्वीडनची. पुष्कळ जुन्या प्रोग्रामांनी अशा लॅटिन१ रकान्यांत मराठी मजकुराचे बाइट तसेच कोंबलेले असतात. प्रोग्रामच्या पडद्यावर मराठी व्यवस्थित दिसते, पण डेटाबेस दुसऱ्या साधनाने उघडला की प्रत्येक अक्षराच्या जागी मात्रा डोक्यावर घेतलेला लॅटिन ‘ए’ आणि त्याच्यामागे चलनाची गोल खूण किंवा जपानी येनचे चिन्ह, अशी रांग लागते. असा रकाना थेट रूपांतरित केला तर तो कचराच नव्या सेटमध्ये पक्का होतो. तेथे रकान्याचा प्रकार आधी ‘ब्लॉब’ करावा, म्हणजे डेटाबेस त्याकडे अक्षरे म्हणून न पाहता नुसते बाइट म्हणून पाहील, आणि मग त्यालाच ‘टेक्स्ट कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४’ असा प्रकार द्यावा.

प्रत काढणे आणि रूपांतर

प्रत काढल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे सांगायला नको. पण प्रत कशी काढावी हे सांगायला हवे. ५.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांतील मायएसक्यूएलडंप हा स्वतः तीन बाइटांचा ‘यूटीएफ८’ वापरतो. डेटाबेसमध्ये इमोजी सुखरूप असले तरी प्रतीत त्यांची प्रश्नचिन्हे होतात आणि ते प्रत परत चढवायची वेळ आली तेव्हाच कळते. म्हणून सेटचे नाव स्पष्ट द्यावे:

मायएसक्यूएलडंप --डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट=यूटीएफ८एमबी४ --सिंगल-ट्रान्झॅक्शन --रिझल्ट-फाइल=प्रत.एसक्यूएल शेतसल्ला

विंडोजच्या पॉवरशेलमध्ये बाणाच्या चिन्हाने फाइल बनवली तर ती यूटीएफ-१६ मध्ये बनते आणि परत चढत नाही. वर ‘रिझल्ट-फाइल’ दिले आहे ते त्यासाठीच.

आता मुख्य काम. पहिली आज्ञा डेटाबेसला, दुसरी प्रत्येक टेबलाला द्यायची:

ऑल्टर डेटाबेस शेतसल्ला कॅरेक्टर सेट = यूटीएफ८एमबी४ कोलेट = यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;
ऑल्टर टेबल तक्रारी कन्व्हर्ट टू कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ कोलेट यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय;

पहिल्या आज्ञेने जुन्या टेबलांना काहीही होत नाही; ती केवळ पुढे बनणाऱ्या टेबलांसाठी आहे. दुसऱ्या आज्ञेतील ‘कन्व्हर्ट टू’ हे शब्द गाळले, तर टेबलाचा मूळ सेट तेवढा बदलतो आणि आतले रकाने होते तसेच राहतात. मी पहिल्या खेपेस नेमके हेच केले आणि दोन दिवस नसलेला दोष पीएचपीमध्ये शोधत बसलो.

या रूपांतरात सर्व्हर पूर्ण टेबल नव्याने लिहितो. तेवढा वेळ त्या टेबलात नवी नोंद होत नाही आणि टेबलाएवढी मोकळी जागा डिस्कवर लागते. आमच्याकडे लाईन केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी भरलेली आहे हे पाहून, रात्री संदेश येणे थांबल्यावर, एकेक टेबल घेऊन हे काम करावे. फॉरेन कीने बांधलेल्या टेबलांत दोन्ही बाजूंच्या मजकुरी रकान्यांचा सेट आणि कोलेशन सारखे असावे लागते, म्हणून त्या सत्रापुरते ‘सेट फॉरेन_की_चेक्स = ०’ करून दोन्ही टेबले एकामागून एक बदलावीत आणि मग ते पुन्हा १ करावे. एखादे यूटीएफ८एमबी४ टेबल वेगळ्या, जुन्या कोलेशनवरच राहिले तर दोन टेबलांची जोडणी करणाऱ्या क्वेरीत ‘इल्लीगल मिक्स ऑफ कोलेशन्स’ ही १२६७ क्रमांकाची चूक दिसू लागते. स्टोअर्ड प्रोसिजर बनवल्या त्या वेळचाच सेट धरून ठेवतात, त्यामुळे त्या काढून पुन्हा बनवाव्यात.

सर्वांत जास्त अडखळायला होते ते इंडेक्सपाशी, म्हणजे शोध जलद व्हावा म्हणून ठेवलेल्या सूचीपाशी. जुन्या पद्धतीच्या इनोडीबी (मायएसक्यूएलचे साठवण-इंजिन) टेबलांत इंडेक्सच्या एका रकान्याला ७६७ बाइटांची मर्यादा आहे. ‘व्हारकॅर(२५५)’ हा आकडा पूर्वी सर्रास लिहिला जाई. तीन बाइटांनी २५५ वर्णांचे ७६५ बाइट होतात आणि ते काठावर मावतात. चार बाइटांनी त्याचेच १,०२० होतात आणि १०७१ क्रमांकाची ‘की टू लाँग’ ही चूक पदरी पडते. कोणाच्या तरी डेटाबेसमध्ये १९१ ही विचित्र लांबी दिसली असेल तर तिचे रहस्य हेच: १९१ चोक ७६४. लांबी कापण्यापेक्षा टेबलाची ओळरचना बदलणे बरे, कारण ‘डायनॅमिक’ रचनेत ही मर्यादा ३,०७२ बाइटांपर्यंत जाते. ५.७.९ पासून नवी टेबले त्याच रचनेत बनतात; जुन्या टेबलाला ‘रो_फॉरमॅट=डायनॅमिक’ ही आज्ञा रूपांतराआधी द्यावी. ५.६ वर असाल, तर आवृत्तीच बदलण्याचा विचार करावा.

‘टेक्स्ट’ प्रकारचा रकाना रूपांतरानंतर ‘मीडियमटेक्स्ट’ झालेला दिसला तर घाबरू नये. पूर्वीइतकेच वर्ण मावावेत म्हणून सर्व्हर स्वतःहून तो मोठा करतो.

कोलेशन कोणते

कोलेशन म्हणजे दोन मजकूर सारखे की वेगळे आणि कोणता आधी, हे ठरवण्याचा नियम. जुनी ‘जनरल_सीआय’ आणि ‘युनिकोड_सीआय’ ही कोलेशने चार बाइटांची सगळी चिन्हे एकाच मापाची धरतात, म्हणजे त्यांच्या लेखी संत्रे आणि वाघ एकच. संत्र्याच्या बागेच्या तक्रारी इमोजीवरून शोधल्या, तर त्यांत ताडोब्याचा वाघही निघतो, आणि रकान्यावर युनिक इंडेक्स असेल तर दुसरी नोंद ‘आधीच आहे’ म्हणून नाकारली जाते. जपानमध्ये हा दोष सुशी आणि बिअर या जोडीच्या नावाने प्रसिद्ध आहे. मायएसक्यूएल ८.० मधील ‘०९००’ मालिकेत तो नाही.

या मालिकेचा एक वेगळा स्वभाव लक्षात ठेवावा. जुनी कोलेशने मजकुराच्या शेवटची मोकळी जागा तुलनेत धरत नसत, ही धरतात. कोणी नावापुढे चुकून एक स्पेस दिली असेल तर ‘दारव्हा’ आणि ‘दारव्हा ’ ही आता दोन गावे होतात. रूपांतरानंतर एकदा ‘ट्रिम’ चालवून अशी शेपटे कापावीत.

मायएसक्यूएलपासूनच निघालेला मारियाडीबी वापरणाऱ्यांनी ‘युनिकोड_५२०_सीआय’ किंवा नव्या आवृत्तीतील ‘यूसीए१४००’ मालिका घ्यावी. मायएसक्यूएल ८ ची प्रत मारियाडीबीच्या जुन्या आवृत्तीत चढवताना ‘अननोन कोलेशन’ अशी १२७३ क्रमांकाची चूक येते, तिचे कारण हे ‘०९००’ नावच असते.

जोडणी

टेबल सुधारले तरी प्रोग्राम आणि डेटाबेस यांच्यामधील वाट अरुंद असेल, तर चिन्ह वाटेतच पडते. सर्व्हरच्या मांडणी-फाइलमध्ये ‘मायएसक्यूएलडी’ या विभागाखाली ‘कॅरेक्टर-सेट-सर्व्हर’ आणि ‘कोलेशन-सर्व्हर’, तर ‘क्लायंट’ विभागाखाली ‘डिफॉल्ट-कॅरेक्टर-सेट’ या ओळी लिहून सर्व्हर पुन्हा चालू करावा. त्यानंतर प्रोग्रामकडे वळावे, कारण बहुतेक प्रोग्राम ही फाइल वाचतच नाहीत.

पीएचपीच्या मायएसक्यूएलआयमध्ये जोडणी होताच ‘सेट_कॅरसेट’ या फंक्शनला यूटीएफ८एमबी४ द्यावे. ‘सेट नेम्स’ ही क्वेरी पाठवूनही इमोजी जातात, पण मग पीएचपीला सेट बदलल्याचे कळत नाही आणि अवतरण चिन्हे निष्प्रभ करणारे फंक्शन जुन्याच समजुतीवर चालते, जे सुरक्षेच्या दृष्टीने बरे नाही. पीडीओमध्ये जोडणीच्या ओळीतच ‘कॅरसेट=यूटीएफ८एमबी४’ लिहावे. पायथनच्या पायमायएसक्यूएलमध्येही त्याच नावाचा घटक आहे. जावामध्ये कनेक्टर/जे ८.०.१३ पासून ‘कॅरेक्टरएन्कोडिंग’ला यूटीएफ-८ दिले तरी ते चार बाइटांचे धरले जाते.

एक सूचना मराठी प्रोग्रामरांसाठी. पुष्कळ ठिकाणी मजकूर साठवण्याआधी ‘अदृश्य कचरा’ काढणारी ओळ असते आणि ती शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे यू+२००डी, काढून टाकते. शेतकऱ्याचे इमोजी हे प्रत्यक्षात माणूस, हा जोडक आणि धान्याची ओंबी असे तीन वर्ण मिळून बनते. जोडक गेला की माणूस एकीकडे आणि ओंबी दुसरीकडे पडते. काही जुन्या कळफलकांवर ‘दर्‍या’तील र हाच जोडक वापरून उमटतो, त्यामुळे तीच ओळ आपले मराठीही बिघडवत असते. ती ओळ काढावी.

याच कारणाने रकान्याची लांबी ठरवताना डोळ्यांना दिसणारी चिन्हे मोजू नयेत. ‘व्हारकॅर’मधील आकडा युनिकोडचे वर्ण मोजतो: ‘क्ष’ डोळ्याला एक, मोजणीला तीन, शेतकरी डोळ्याला एक, मोजणीला तीन, आणि त्याला कातडीचा रंग दिला की चार.

चाचणी

पडद्यावर काय दिसते त्यावर विश्वास ठेवू नये. विंडोजच्या काळ्या खिडकीत इमोजीच्या जागी चौकोन दिसला तर तो फाँटचा दोष असू शकतो, डेटाबेसचा नव्हे. मोबाईलवरून नेहमीच्या मार्गानेच केवळ एक संत्रे पाठवावे आणि मग पाहावे:

सिलेक्ट हेक्स(मजकूर), लेंग्थ(मजकूर), कॅर_लेंग्थ(मजकूर) फ्रॉम तक्रारी ऑर्डर बाय क्रमांक डेस्क लिमिट १;

उत्तर ‘एफ०९एफ८डी८ए’, ४ आणि १ असे आले तर संत्रे सुखरूप पोचले. ‘३एफ’ आले तर ते प्रश्नचिन्ह आहे आणि वाटेतला कोणता तरी टप्पा अजून अरुंद आहे. टेबल नीट असेल तर जोडणी पाहावी. ‘एफ०’ ऐवजी ‘सी३बी०’ ने सुरू होणारी लांब रांग दिसली, तर मजकूर दोनदा एन्कोड होतो आहे, म्हणजे जोडणी अजून लॅटिन१ समजून चालली आहे. मग तीच चाचणी काढलेली प्रत दुसऱ्या संगणकावर चढवून घ्यावी.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये डेटाबेस ‘यूटीएफ८’ एन्कोडिंगने बनवलेला असेल तर हा सगळा खटाटोप लागत नाही, कारण तेथे ते नाव चार बाइटांचेच आहे. ओरॅकलमध्ये मात्र ‘यूटीएफ८’ हे नाव पुन्हा फसवे आहे. तेथे ‘एएल३२यूटीएफ८’ हवे.

गेलेला मजकूर

कापलेला मजकूर रूपांतराने परत येत नाही. कोऱ्या रकान्यांच्या नोंदी सहज काढता येतात आणि प्रश्नचिन्हांच्याही, पण मध्येच कापलेला संदेश अपुऱ्या वाक्याखेरीज दुसरी खूण सोडत नाही. शोधायचेच असेल तर बायनरी लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेली बदलांची नोंद, पाहावा. त्याची पद्धत ‘स्टेटमेंट’ असेल तर सर्व्हरकडे आलेली मूळ आज्ञा त्यात शब्दशः असते आणि ‘मायएसक्यूएलबिनलॉग’ने ती वाचता येते, ‘रो’ पद्धत असेल तर त्यात कापलेलाच मजकूर असतो. आमच्या जुन्या सर्व्हरवर सुदैवाने पहिली पद्धत होती, पण लॉग दहा दिवसांनी पुसण्याची मांडणी केलेली होती. दहा दिवसांतले संदेश आम्ही परत मिळवले, आणि त्याआधीच्या कोऱ्या नोंदींवरील गावांची यादी काढून कृषी पदवीधरांच्या हाती दिली, म्हणजे त्यांना त्या वावरांवर स्वतः जाऊन पऱ्हाटी पाहता यावी.